एअरब्रशचा ‘बिगिनर सेट’ : बाटलीवर लिहिलेलं एक, आत भरलेलं दुसरंच

एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनसारख्या साधनानं, प्लॅस्टिकची मॉडेल जहाजं रंगवायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हे वाचावं, आणि ज्यांच्या गावाजवळ अशा वस्तूंचं एकही दुकान नाही त्यांनी तर नक्कीच. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहतो, गावात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मला ज्याने फसवलं तो खोटा माल विकून थांबला नाही. माल बिघडला की प्रत्येक वेळी तो म्हणायचा, “दादा, तुम्ही नवीन आहात, हात बसायला वेळ लागतो.” त्याचा खरा धंदा या एका वाक्यावर चालतो. नवशिक्याला वाटतं, असेल बाप्पा, आपलंच काही चुकत असेल. आणि तो तक्रार करण्याऐवजी आणखी सामान मागवतो.

जाहिरात मोबाइलवर दिसली होती. तीन लिटर टाकीचा कॉम्प्रेसर, 0.3 मिलिमीटर नोझलचा डबल अ‍ॅक्शन (एकाच बटणानं हवा आणि रंग वेगवेगळे सोडता येणारा) एअरब्रश, जपानी अ‍ॅक्रिलिक रंगांच्या बाटल्या, प्रायमर आणि थिनर, सगळं मिळून 8,500 रुपये. तुमच्या पिनकोडला कॅश ऑन डिलिव्हरी होत नाही म्हणून आधी पैसे पाठवा, असं सांगितलं. आमच्या भागात ते खरंही असतं, बऱ्याच कुरिअरवाल्यांची गाडी तालुक्याच्या पुढे येत नाही. पार्सल आलं, पण कॉम्प्रेसरला टाकीच नव्हती. “हे नवीन मॉडेल आहे, टाकी लागत नाही,” असं उत्तर मिळालं. टाकी नसली की हवा धक्क्याधक्क्यानं येते आणि रंगाचा फवारा एकसारखा बसत नाही, हे मला पुढे कळलं.

मेव्हण्यानं पुण्याहून टायटॅनिकचं 1:400 प्रमाणातलं किट आणलं होतं. खरं जहाज 269 मीटर लांब, म्हणून मॉडेलची बॉडी सुमारे 67 सेंटीमीटर. पाण्याखालचा भाग लाल, त्यावर काळा, सर्वांत वर पांढरा. शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून जहाजांच्या बुडाला जो रंग देतात, त्याचा हा लाल. मी आधी नुसतं पाणी फवारून हात बसवला, दाब 15 ते 20 पीएसआयच्या मध्ये ठेवला, पातळ थर दिले. तरी बॉडी खरबरीत झाली. एवढंच असतं तर मान्य केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी उचलायला गेलो तर बोटाचा ठसा उमटला, ओल्या साबणावर उमटतो तसा. पत्रे जोडल्याच्या ज्या बारीक रेषा किटवर कोरलेल्या असतात, त्या बुजून गेल्या होत्या.

फोन केला. तो म्हणाला, फार जवळून मारलं असेल. मग म्हणाला, विदर्भातल्या उन्हात रंग नोझलवरच वाळतो, रिटार्डर (रंग वाळणं लांबवणारं द्रव) घ्या, 450 रुपये. ही अर्धी खरी गोष्ट आहे, म्हणूनच ती पटते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना अ‍ॅक्रिलिक रंग सुईच्या टोकावर खरंच वाळतो, फवारा अडतो. पण वाळलेल्या रंगानं प्लॅस्टिक मऊ पडत नाही. रिटार्डरची बाटली आली, तिचाही वास थिनरसारखाच.

त्याचं बिंग फुटलं ते मोटारीमुळे. कॉम्प्रेसर थोड्या वेळात हात लावू देईना इतका तापायचा. “कॉपर वायंडिंग आहे, तुमच्याकडे व्होल्टेज खराब असेल,” असं तो म्हणाला. रंगाबद्दल मी नवखा, पण वायंडिंगबद्दल नाही. उघडून तारेवरचं तांबूस वार्निश खरवडलं, तर आत पांढरी अ‍ॅल्युमिनियमची तार. मोटारीबद्दल इतक्या ठामपणे खोटं बोलणारा माणूस बाटल्यांबद्दल खरं कशाला बोलेल?

थिनरची बाटली घेऊन दारव्ह्याला गाड्यांचा रंग मारणाऱ्या ओळखीच्या पेंटरकडे गेलो. त्यानं झाकण उघडलं आणि लगेच म्हणाला, “हे तं एनसी थिनर हाय ना भाऊ, आम्ही गाड्याले वापरतो.” किटचं प्लॅस्टिक असतं पॉलिस्टायरीन, आणि एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगांसाठीच्या, थिनरमधलं टोल्यूइन ते विरघळवतं. अ‍ॅक्रिलिकसाठी मिळणारं थिनर बहुधा अल्कोहोलवर आधारलेलं असतं, त्यानं हे प्लॅस्टिक विरघळत नाही. जाणकार लोक अशाच जातीचं लॅकर थिनर वापरतात, पण ते काय वापरताहेत हे त्यांना माहीत असतं आणि ते अगदी हलके थर देतात. इथे लेबलवर अ‍ॅक्रिलिक आणि आत गॅरेजचं थिनर.

मला सगळ्यात जास्त राग याचा आला की रंगवताना माझी सातवीतली मुलगी शेजारी बसायची. खोली लहान, एकच खिडकी. तिचं डोकं दुखायचं, आम्हाला वाटायचं उन्हामुळे. टोल्यूइनच्या वाफांनी डोकं दुखतं, गरगरतं. बॉडी दुसरी आणता येईल, पण लेकराच्या श्वासात काय जातंय हे विकणाऱ्याला ठाऊक होतं आणि तरी त्यानं अ‍ॅक्रिलिकचं लेबल चिकटवलं. हे मी माफ करणार नाही.

म्हणून बाटली कुणाकडूनही घ्या, आधी किटच्या फ्रेमचा तुकडा कापून त्यावर थिनरचा थेंब टाका आणि काडीनं घासा. तुकडा चिकट झाला, तार सुटली, तर ती बाटली बॉडीजवळ नेऊ नका. फवारताना कपमध्ये बुडबुडे उठले, तर नोझलला तडा आहे का आणि ते घट्ट बसलंय का ते बघा. फवारा कोळ्याच्या पायांसारखा पसरला, तर रंग जास्त पातळ किंवा अंतर कमी, आणि ते मात्र सरावानं सुधारतं. खिडक्या उघड्या ठेवून, वाफा अडवणारा मास्क लावूनच फवारा. नुसता कापडी रुमाल पुरत नाही.

पैसे परत मागितले तेव्हा त्यानं क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, स्कॅन करून पिन टाका, रिफंड जमा होईल. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. मी फोन ठेवला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवली. तक्रारीला व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि पार्सलवरच्या पत्त्याचा फोटो लागतो, तेव्हा खोकं फेकू नका. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंद केली. पैसे अजून आलेले नाहीत.

तीच जाहिरात आता वेगळ्या नावानं फिरते आहे. फोटो तोच आहे: हिरव्या सतरंजीवर मांडलेला सेट, टाकीचा कॉम्प्रेसर, गेजच्या काचेला उजवीकडे तडा. भाव 7,900 केला आहे. मी तो फोटो तक्रारीला जोडला आहे. तुम्हाला दिसला तर पैसे पाठवू नका, आणि पाठवले असतील तर आजच 1930 लावा.