रिव्हर्स सेन्सरसोबत चौदा महिने: भिंत ऐकू येते, गोधडी ऐकू येत नाही

टेम्पोने घासलेल्या मागच्या बंपरला गेल्या महिन्यात रंग देऊन आणला आणि दुसऱ्या दिवसापासून, मागे काहीही नसताना, रिव्हर्स गिअर टाकला की गाडी अखंड बीप देऊ लागली. सर्व्हिस सेंटरने गाडी दहा मिनिटे पाहिली आणि चारही सेन्सर बदलावे लागतील, बंपर उतरवण्याच्या मजुरीसह ९,६०० रुपये होतील, असे सांगितले. रंगवण्यापूर्वी व्यवस्थित चालणारे चारही सेन्सर एकाच दिवशी कसे बिघडतील, याचे उत्तर तिथे कोणाकडेच नव्हते. ते उत्तर शोधताना या यंत्रणेविषयी मला बरेच कळले आणि तिच्याबद्दलचे माझे मतही दोनदा बदलले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव देत नाही, कारण लहान गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटमध्ये सर्वसाधारणपणे अशीच व्यवस्था असते: मागच्या बंपरमध्ये सेन्सर, डॅशबोर्डवर आवाज, कॅमेरा नाही.

कॅमेऱ्याचा व्हेरियंट मी जाणूनबुजून घेतला नव्हता. फरक ५८,००० रुपयांचा होता, आणि १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला रिव्हर्स सेन्सर कायद्यानेच सक्तीचे आहेत, मग त्यावर वेगळे पैसे का घालावेत, असा माझा हिशेब होता. आमचे घर कराडच्या जुन्या वस्तीत, साठ फूट लांब आणि जेमतेम नऊ फूट रुंद बोळाच्या टोकाला आहे. आत गाडी वळत नाही. त्यामुळे रोज सकाळी तो सगळा बोळ उलट्या दिशेने पार करूनच रस्त्यावर यावे लागते. त्याच वेळी बोळात कोणी रांगोळी काढत असते, कोणी पाटावर बसून भाजी निवडत असते, मुले शाळेच्या रिक्षाची वाट पाहत असतात आणि उन्हाळ्यात कुरडया-सांडग्यांची वाळवणे पसरलेली असतात. माझ्यासाठी रिव्हर्स सेन्सर ही पार्किंगची सोय नाही, मागे असलेल्या माणसांच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे. हे पूर्ण परीक्षण त्याच एका नजरेने लिहिलेले आहे, मायलेज आणि एसीविषयी इथे काही सापडणार नाही.

पहिले चार महिने मी अत्यंत समाधानी होते. भिंतीला टेकवलेली मोटारसायकल, पाण्याचे लोखंडी टिपाड, शेजाऱ्यांचा उघडा राहिलेला पत्र्याचा दरवाजा, या सगळ्यांची सूचना वेळेवर मिळाली. एसटी स्टँडजवळ मात्र मागे मोकळी जागा असूनही दोनदा बीप झाला. बसच्या एअर ब्रेकमधून सुटणाऱ्या हवेत आपल्याला ऐकू न येणारा उच्च कंपनाचा आवाजही असतो आणि सेन्सर कधीकधी त्यालाच स्वतःचा प्रतिध्वनी समजतो, हे नंतर कळले. त्याचा मला काही त्रास झाला नाही. उगाच वाजणारा सेन्सर परवडतो, न वाजणारा परवडत नाही.

न वाजण्याचा प्रसंग एप्रिलमध्ये आला. समोरच्या काकूंनी दोरीवर दोन जाड गोधड्या वाळत घातल्या होत्या आणि दोरी सैल होऊन त्या बोळात लोंबत होत्या. आरशात त्या मला दिसल्या नाहीत. सेन्सरने एकही आवाज केला नाही आणि गाडी सरळ गोधडीत शिरली. नुकसान काहीच झाले नाही. काकूंनी गोधडी झटकली आणि "राहू दे गं, धुऊन निघंल," म्हणाल्या. मी मात्र त्या दिवशी गाडी बाजूला लावून बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण गोधडीच्या पलीकडे कोण होते हे मला माहीत नव्हते, आणि सेन्सरलाही नव्हते.

यंत्रणा कशी चालते हे एकदा नीट समजले की त्या शांततेचे नवल वाटत नाही. प्रत्येक सेन्सरच्या आत पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे विजेने कंप पावणाऱ्या, सिरॅमिकची लहान चकती असते आणि ती ॲल्युमिनियमच्या पातळ पडद्याला चिकटवलेली असते. विजेचा स्पंद मिळाला की पडदा सेकंदाला चाळीस हजारांहून अधिक वेळा कंप पावतो, आवाज बाहेर जातो, अडथळ्यावर आपटून परत येतो आणि तोच पडदा तो ऐकतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरवरच्या भिंतीवरून प्रतिध्वनी परत यायला साधारण ५.८ मिलिसेकंद लागतात. पण घंटा वाजवल्यावर ती काही काळ घुमत राहते तसा हा पडदाही स्पंद थांबल्यावर एक-दीड मिलिसेकंद कंप पावत राहतो आणि तेवढ्या वेळात त्याला काहीही ऐकता येत नाही. त्यामुळे अगदी जवळच्या वीस-पंचवीस सेंटीमीटरमध्ये सेन्सरला अंतर मोजता येत नाही. याशिवाय, सपाट आणि कठीण पृष्ठभाग समोर असला तरच प्रतिध्वनी ठणठणीत येतो. तिरका पृष्ठभाग तो भलतीकडे वळवतो, बारीक वस्तू त्याचा थोडाच भाग परत पाठवते, आणि कापूस, लोकर, जुन्या लुगड्यांचे एकावर एक शिवलेले थर तो स्वतःतच जिरवून टाकतात.

मे महिन्यात एका रविवारी मी हे सर्व टेप घेऊन मोजले. हँडब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या, इंजिन बंद ठेवले आणि फक्त इग्निशन चालू करून रिव्हर्स गिअर टाकला. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा आत बसून बीप सांगत होता. भिंतीच्या बाजूने पहिला बीप १४८ सेंटीमीटरवर आला, टिपाडाचा १४० वर, कळकाच्या काठीचा ६५ वर. सुती साडीत मी स्वतः उभी राहिले तेव्हा ११० वर, आणि वर लोकरीची शाल घेतली तेव्हा ७८ वर. गोधडी तीन वेळा लटकवली: एकदा ५२ वर, एकदा ३८ वर, आणि एकदा बंपरला टेकेपर्यंत काहीही नाही.

पण ज्या मोजणीमुळे मी हे सारे लिहायला बसले, ती याच्या पुढची आहे. खाली बसलेल्या लहान मुलाच्या उंचीचा अंदाज म्हणून मी ४० सेंटीमीटर उंचीचा स्टूल घेतला आणि त्यावर लहान मुलाचा स्वेटर चढवला. प्रत्यक्ष मुलाला गाडीमागे बसवणे मला मान्य नव्हते. माझ्या गाडीचे सेन्सर जमिनीपासून सुमारे ५० सेंटीमीटरवर आहेत आणि त्यांचा आवाज आडवा जितका पसरतो तितका उभा पसरत नाही. ७० सेंटीमीटरवर बीप सुरू झाला. स्टूल जवळ आणत गेले तसा तो जलद झाला, आणि ३५ सेंटीमीटरच्या आत आल्यावर बंद पडला, कारण स्टूल आता त्या ध्वनीच्या पट्ट्याखाली गेला होता. वाजत असलेला बीप थांबला की चालवणारा काय समजतो? अडथळा दूर झाला, असेच समजतो. मीही तसेच समजले असते आणि गाडी आणखी मागे घेतली असती. हा दोष माझ्या गाडीचा नव्हे, बंपरच्या उंचीवर बसवलेल्या ध्वनीच्या यंत्रणेचाच आहे, तरीही गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने हे एका वाक्यात सांगायला हवे होते असे मला मनापासून वाटते.

याला वेळेचे गणित जोडले की चित्र अधिक स्पष्ट होते. ताशी पाच किलोमीटर वेगाने मागे येणारी गाडी एका सेकंदात १.४ मीटर अंतर कापते. म्हणजे दीड मीटरवर पहिला बीप झाला तर माझ्या हातात सेकंदाहून थोडाच अधिक वेळ असतो, आणि बीप ऐकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो जवळजवळ संपतो. ७० सेंटीमीटरवर बीप झाला तर अर्धाच सेकंद. ताशी तीन किलोमीटरच्या खाली आले, क्लच अर्धवट सोडून गाडी नुसती सरकवली, तरच या सेन्सरला माणसाच्या उपयोगी पडण्याइतका वेळ मिळतो.

पादचाऱ्यांच्या संरक्षणाची जी मानके आपण जाहिरातीत वाचतो, ती या बाबतीत कामाची नाहीत, हेही मला आधी ठाऊक नव्हते. एआयएस-१०० या भारतीय मानकाची चाचणी गाडीच्या पुढच्या भागाची असते: पायाच्या आकाराचा ठोकळा ताशी ४० किलोमीटरने बंपरवर आणि साडेतीन व साडेचार किलोचे डोक्याच्या आकाराचे गोळे ताशी ३५ किलोमीटरने बॉनेटवर आपटून, आघात किती शोषला जातो ते मोजतात. म्हणूनच बॉनेट आणि इंजिनच्या मधे मोकळी जागा ठेवतात आणि काही महागड्या गाड्यांत तर धडकेच्या क्षणी बॉनेटचा मागचा भाग स्फोटक यंत्रणेने वर उचलला जातो. २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मरण पावले, त्यामुळे त्या चाचणीचे मोल मी कमी मानत नाही. पण ती रस्त्यावरच्या वेगाची चाचणी आहे. बोळात उलटी येणारी गाडी आणि तिच्यामागे वाकून चेंडू उचलणारे मूल हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, तो नेमका अशा लहान मुलांच्या मृत्यूंमुळे. आपल्याकडच्या नियमात मागचा सेन्सर किंवा कॅमेरा यांपैकी एक असला तरी चालते, आणि दोन्ही जणू सारखेच आहेत असा समज त्यातून होतो.

आता रंगाच्या भांडणाकडे येते. मी सर्व्हिस सेंटरला एवढीच विनंती केली की चारही सेन्सर खराब झाल्याचे कारण जॉब कार्डवर लिहून द्या. ते त्यांनी दिले नाही. उलट, बंपर रंगवल्यामुळे सेन्सर वॉरंटीत येत नाहीत असे सांगितले, आणि रंग त्यांच्याच आवारात दिलेला होता. दोन वेळा वाद घालून मी गाडी तशीच परत आणली आणि मार्केट यार्डाजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने गिअर रिव्हर्समध्ये ठेवायला सांगितले आणि चारही सेन्सरवर एकेक करून बोट टेकवले. चालू सेन्सरची बारीक टिकटिक बोटाला जाणवते. मलाही त्याने ती जाणवून दिली. मग बंपर थोडा सैल करून आत पाहिले आणि म्हणाला, "ताई, सेन्सरला काय झालेलं नाही, दोन्हीकडचं रबरच बसवलेलं नाही बघा."

हे रबर म्हणजे सेन्सर आणि बंपर यांच्या मधली मऊ कडी. पडद्याची थरथर बंपरच्या प्लास्टिकमध्ये उतरू नये म्हणून ती असते. ती नसली तर सगळा बंपर सेन्सरबरोबर थरथरतो, सेन्सरला स्वतःचीच थरथर परत ऐकू येते आणि अगदी चिकटून काहीतरी उभे आहे असे समजून तो अखंड वाजत राहतो. दोन कड्या नव्या बसवल्यावर बीप बंद झाला. डाव्या कोपऱ्यातला सेन्सर मात्र भिंतीलाही ८० सेंटीमीटरवरच ओळखत होता. त्याच्या पडद्यावर रंगाचा जाड थर बसला होता आणि जड झालेला पडदा पुरेसा हलत नव्हता. तो एक सेन्सर १,१५० रुपयांना बदलला, कड्या आणि मजुरी मिळून ३५० रुपये झाले. ९,६०० रुपयांच्या जागी १,५०० रुपयांत काम झाले. त्या कारागिराने स्वतःहून जुना सेन्सर माझ्या हातात ठेवला, ही गोष्ट मी विसरणार नाही.

त्याच आठवड्यात एका ॲक्सेसरीच्या दुकानदाराने, पुन्हा रंगाचा खर्च नको म्हणून, पुढे-मागे स्टीलचे गार्ड बसवण्याचा आग्रह धरला. मी स्पष्ट नकार दिला. मागचा गार्ड सेन्सरच्या समोर येतो आणि त्यालाच अडथळा समजून सेन्सर वाजत राहतो. पुढचा गार्ड तर त्याहून वाईट, कारण आघात शोषण्यासाठी मऊ ठेवलेल्या बंपरपुढे आपण लोखंडी नळी लावतो आणि ती माणसाच्या मांडीवर किंवा मुलाच्या छातीवर आदळते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदेशीर ठरवून राज्यांना कारवाई करायला सांगितले आहे. तरी ते उघडपणे विकले जातात, याचा मला राग येतो.

एप्रिलनंतर माझे मत "हे सेन्सर निरुपयोगी आहेत" असे झाले होते. आज ते तसे नाही. दुरुस्तीनंतर पुन्हा टेपने मोजले तेव्हा भिंत, टिपाड आणि मोटारसायकल यांसाठी आकडे पूर्वीइतकेच चांगले आले. बंपर वाचवण्याचे काम ते चोख करतात आणि त्या कामासाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन. माणसासाठी मात्र मी त्यांच्यावर विसंबत नाही. वाचलेल्या पैशांतून ३,२०० रुपयांचा मागचा कॅमेरा बसवून घेतला. धुळीने तो दर दोन-तीन दिवसांनी पुसावा लागतो आणि पावसात चित्र अंधुक होते, पण तो स्टूल त्यात बंपरला टेकेपर्यंत दिसत राहिला. शिवाय निघण्यापूर्वी गाडीला पायी एक फेरी मारते आणि काकूंना हाक देते. त्या पाट उचलून उंबऱ्यावर ठेवतात आणि मगच मी गाडी सुरू करते.

ज्यांना बंपर रंगवायला द्यायचा आहे, त्यांनी देण्यापूर्वी प्रत्येक सेन्सरभोवतीच्या कडीचा फोटो काढून ठेवावा, सेन्सर काढून ठेवूनच रंग द्या असे जॉब कार्डवर लिहून घ्यावे, आणि गाडी परत घेताना आवारातच रिव्हर्स गिअर टाकून भिंतीसमोर चारही कोपरे तपासावेत.