डबी की खोका? घरच्या सर्व्हरसाठी मशीन निवडताना

घरातले फोटो, सिनेमे आणि सगळ्यांच्या लॅपटॉपचे बॅकअप एका जागी आणायचे, पण खिशाला फार चाट लावायची नाही, असं ठरवलं की चार दिवस वाचून झाल्यावर गाडी बहुतेक दोनच पर्यायांपाशी येऊन थांबते. एक म्हणजे तळहातावर मावेल असा मिनी पीसी आणि त्याला यूएसबीने जोडलेला दोन डिस्कांचा डॉक, म्हणजे डिस्क बसवायची वेगळी पेटी. दुसरा म्हणजे एखाद्या ऑफिसातून निवृत्त होऊन आलेला बुटका एसएफएफ (स्मॉल फॉर्म फॅक्टर) डेस्कटॉप, ज्याच्या पोटातच डिस्क बसतात. सोयीसाठी पहिल्याला डबी म्हणतो, दुसऱ्याला खोका. मी सव्वा वर्ष डबी चालवली आणि त्यानंतर आजतागायत खोका चालवतोय. तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

बाकीच्या दोन उमेदवारांचं आधी उरकून घेतो. रॅस्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक मला मनापासून आवडतो, पण या कामाला नाही. पाय ४ पासून, म्हणजे २०१९ पासून, खरंखुरं गिगाबिट आणि यूएसबी ३ मिळालं. पण पाय ५ मध्ये एच.२६४ या व्हिडिओ प्रकाराचं हार्डवेअर एन्कोडिंग काढूनच टाकलंय, त्यामुळे व्हिडिओ ट्रान्सकोड करायची, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात बदलायची वेळ आली की सगळा भार प्रोसेसरच्या डोक्यावर. शिवाय साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबी पोर्ट देत नाही. म्हणजे वेगळा अडॅप्टर असलेला डॉक आलाच. डबीची सगळी दुखणी पदरात आणि ताकद मात्र निम्मी.

ज्यांना कमांड लाइनचं तोंडही बघायचं नाही, त्यांनी सिनॉलॉजीसारखा तयार नॅस (नेटवर्कला जोडायचं साठवणयंत्र) घ्यावा, सुखी राहाल. तेवढ्याच पैशात प्रोसेसर दुबळा मिळतो, हे धरून चाला. आणि घराचे नियम घरमालक ठरवतो तसं आहे ते. २०२५ मध्ये सिनॉलॉजीने प्लस मालिकेतल्या नव्या मॉडेल्सवर आपल्या यादीतल्याच डिस्क वापरण्याचं बंधन आणलं. बरीच ओरड झाली आणि त्याच वर्षी ते सैलही केलं. सैल केलं हे चांगलंच, पण माझा रस तोवर संपला होता.

आता मुख्य जोडी.

डबीबद्दल जे कौतुक वाचलं असेल ते बहुतेक खरं आहे. २०२३ च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा एन१०० हा चार छोट्या कोअरचा, सहा वॅटच्या वर्गातला प्रोसेसर, पण त्याच्या आतलं व्हिडिओचं यंत्र भलतंच तयार आहे. दहा बिटांचं एचईव्हीसी हा व्हिडिओ प्रकार तो सहज पचवतो, एव्ही१ हा त्याहून नवा प्रकारसुद्धा हार्डवेअरवर डीकोड करतो. सर्व्हरवरचे सिनेमे टीव्हीवर पोचवणाऱ्या जेलिफिन या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं फुकट वापरता येतं, तशाच प्लेक्समध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठी त्यांचा पास घ्यावा लागतो. माझी डबी टीव्हीच्या मागे होती आणि सव्वा वर्षात तिचा आवाज मला एकदाही ऐकू आला नाही. घरात कुणी पाहुणं आलं तर त्याला सर्व्हर दाखवायला टीव्ही पुढे ओढावा लागायचा.

खोक्यात आठव्या पिढीचा आय५ असेल, उदाहरणार्थ आय५-८५००, तर सहा कोअर मिळतात आणि दहा बिटांचं एचईव्हीसी तिथेही हार्डवेअरवर होतं. एव्ही१ मात्र नाही, इंटेलकडे ते अकराव्या पिढीपासून आलं. सहाव्या पिढीचं मशीन स्वस्तात दिसेल, पण ते आठ बिटांच्या एचईव्हीसीच्या पुढे जात नाही. सिनेमांचा संग्रह असेल तर तिकडे न गेलेलं बरं.

हा हिशेब आपण सगळेच जरा जास्त करतो, असं आता वाटतं. टीव्ही फाइल जशीच्या तशी वाजवत असेल तर सर्व्हरला फक्त ती वाचून पुढे ढकलायची असते. माझ्याकडे ट्रान्सकोडिंग सुरू व्हायचं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. ब्लू-रेवरून आलेली सबटायटल्स अक्षरं नसून चित्रं असतात, टीव्हीला ती समजली नाहीत की सर्व्हर ती व्हिडिओवर छापत बसतो. दोन्ही मशीननी ते काम निमूटपणे केलं, मला फरक जाणवला नाही. नेटवर्कच्या वेगाचंही तेच. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात आणि ते द्यायला एक साधी हार्ड डिस्क पुरते.

विजेत डबी जिंकते, पण वाटतं तेवढ्या फरकाने नाही. माझ्याकडे वॅटमीटर नाही, त्यामुळे नेमका आकडा देत नाही. खोका दहा-पंधरा वॅट जास्त खात असेल असं धरा. एक वॅट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात, म्हणजे पंधरा वॅटचे वर्षाला साधारण १३१ युनिट. ते आपल्या बिलाच्या दराने गुणून बघा. डिस्क दोन्हीकडे त्याच असतात आणि त्यांची भूकही तीच. डॉकचा अडॅप्टर गरम होतो तीही वीजच, ती डबीच्या खात्यात कुणी धरत नाही.

इथवर डबी पुढे आहे, आणि मी तिच्यावर खूश होतो. मग ते बटण आलं.

माझ्या डॉकला मागच्या बाजूला एक गुळगुळीत, मऊ बटण होतं. दाबलं की निळा दिवा लागायचा आणि डिस्क फिरायला लागायच्या. वीज गेली आणि परत आली की डबी आपोआप सुरू व्हायची, तशी सोय तिच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) असते आणि ती मी पहिल्याच दिवशी चालू केली होती. डॉक मात्र बंदच राहायचा. कुणीतरी जाऊन ते बटण दाबेपर्यंत तो ढिम्म हलायचा नाही.

एवढ्याशा गोष्टीचं पुढे काय होतं बघा. डबी सुरू होते, तिला डिस्क सापडत नाहीत. डिस्क नसली तरी अडून बसू नको, असं मीच तिला सांगून ठेवलेलं, नाहीतर ती बूटच होत नाही. डिस्क जिथे जोडली जायची ते फोल्डर जागेवर असतं, फक्त रिकामं. रात्री दोन वाजता लॅपटॉपचा बॅकअप सुरू होतो. त्याला फोल्डर दिसतं, तो बिचारा लिहायला लागतो. ते सगळं जातं डबीच्या छोट्या एसएसडीवर, जिथे मुळात फक्त ऑपरेटिंग सिस्टिम आहे. पहाटेपर्यंत एसएसडी तुडुंब. मग डेटाबेसला लिहायला जागा नाही, लॉगला जागा नाही, एकेक सेवा मान टाकते. यादीत सिनेमे सगळे दिसतात, पण लावला की एकही लागत नाही.

हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी गावाबाहेर होतो. आईला फोन केला.

‘टीव्हीमागे दोन काळे डबे आहेत ना, त्यातल्या ज्याचा दिवा बंद आहे त्याचं बटण दाब.’

‘अरे, एकाचा दिवा चालू होता.’

‘होता?’

‘मी दाबलं ना बटण. आता दोन्ही बंद आहेत.’

तिची काही चूक नव्हती. सर्व्हर हा घरातल्या सगळ्यांसाठी असतो आणि त्यातलं कोणतं बटण दाबायचं हे मात्र एकट्यालाच माहीत असतं, तेव्हा चूक रचनेचीच.

घरी आल्यावर मी शहाण्यासारखे उपाय केले. रिकाम्या फोल्डरला कुलूप लावलं, म्हणजे डिस्क जोडलेली नसेल तर त्यात काही लिहिताच येऊ नये. बॅकअप सुरू होण्याआधी डिस्क खरोखर जागेवर आहे का हे तपासणाऱ्या दोन ओळी लिहिल्या. हे दोन्ही उपाय तुम्हीही करा, मशीन कोणतंही असो. यूपीएसही घेतला. पण बॅटरी संपली की गोष्ट तिथेच येते, अर्ध्या तासाने उशिरा एवढंच.

मग डॉक बदलला. खटका बसणारं बटण असलेला घेतला, दाबलं की आत जातं आणि तिथेच राहतं. वीज आली की तो डबीबरोबर उठायचा. निम्मं भांडण संपलं. पण या दुसऱ्या डॉकची वेगळी तऱ्हा. तो दोन्ही डिस्कांचा सिरियल नंबर एकच सांगायचा, आणि तोही स्वतःच्या मनाचा. एका डिस्कच्या स्मार्ट नोंदींमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) खराब सेक्टर दिसायला लागले तेव्हा दोनपैकी नेमकी कोणती आजारी आहे, हे शोधायला मला एकेक बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात लेबल वाचावं लागलं. आठवड्यातून एखाद्या वेळी तो दोन-तीन सेकंदांसाठी गायब होऊन परत यायचा, परत येताना डिस्कचं नाव बदललेलं. लिनक्समध्ये अशा वेळी यूएएस ही यूएसबीची नवी, वेगवान पद्धत बंद करून जुन्या पद्धतीने चालवायची युक्ती आहे. ती केली, गायब होणं थांबलं, थोडा वेगही गेला.

सगळे डॉक असे नसतात. सात वर्षं एकच डॉक विनातक्रार चालवणारी माणसं मला माहीत आहेत. माझं नशीब दोनदा फुटकं निघालं असेल, हे मी मान्य करतो. पण डॉक घेताना त्याच्या आतली चिप कोणती हे वेष्टनावर लिहिलेलं नसतं, आणि बटण कसलं आहे हेही बऱ्याचदा फोटोत कळत नाही.

खोक्यात हे काही नाही. डिस्क साटाच्या वायरीने थेट मदरबोर्डला, वीज त्याच पुरवठ्यातून. मशीन उठलं की डिस्क उठल्या, मशीन झोपलं की डिस्क झोपल्या. सिरियल नंबर खरा दिसतो, तापमान खरं दिसतं. गेल्या दोन वर्षांत वीज किती वेळा गेली आली याचा मला पत्ताच नाही, आणि माझ्या दृष्टीने तुलना तिथेच संपली.

त्याचे तोटे लपवत नाही. तो टीव्हीमागे मावत नाही, माझा कपाटाखाली आहे. पंखा बारीक घरघरतो, शांत खोलीत झोपणाऱ्याला खटकेल. ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये मोठ्या कंपन्या नेहमीच्या २४ पिनांऐवजी स्वतःचंच कनेक्टर वापरतात, त्यामुळे पॉवर सप्लाय गेला तर त्याच मॉडेलचा शोधत फिरावं लागतं. आणि जागा मोजकी. काही मॉडेल्समध्ये साडेतीन इंची एकच डिस्क बसते, काहींत दोन. विकणाऱ्याकडून आतला फोटो मागून घ्या, नुसत्या शब्दावर जाऊ नका. चार डिस्क हव्या असतील तर एसएफएफ सोडून सरळ उंच टॉवर बघा.

घेताना आणखी एक-दोन गोष्टी. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ सातव्या पिढीच्या बहुतेक मशीनना दारात उभं करत नाही. त्यामुळे ऑफिसांनी काढून टाकलेला माल भरपूर आहे. आपण लिनक्स टाकणार, आपल्याला त्याचं सोयरसुतक नाही. सातवी पिढीही एचईव्हीसीला चालते, आठवी मिळाली तर कोअर जास्त. नवव्या पिढीपासून काही प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो, त्यात ग्राफिक्स नसतं, ते टाळा. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्याच्या साटा पोर्टवर सिस्टिमची एसएसडी लावता येते, फक्त त्या ड्राइव्हचं विजेचं टोक लहान असतं, त्याला वेगळी वायर लागते. बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हच्या कवचातून काढलेली डिस्क लावली आणि ती फिरलीच नाही, तर ती मेली असं समजू नका. साटाच्या विजेच्या टोकातल्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की काही नव्या डिस्क बंद राहतात. पिनेवर कॅप्टॉन नावाच्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला की सुरू.

एकच डिस्क पुरणार असेल, किंवा सगळा संग्रह डबीच्या आतल्या एसएसडीत मावणार असेल, तर माझं हे रडगाणं विसरा आणि डबी घ्या. डॉकच नाही तर बटणही नाही. एव्ही१ चा संग्रह असेल तरीही डबीच. दोन मोठ्या डिस्क वर्षानुवर्षं चालवायच्या आणि घरापासून लांब असताना फोन येऊ द्यायचा नाही, अशी गरज असेल तर मी तरी खोक्याकडेच बोट दाखवीन.

पहिला डॉक अजून माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा त्यात बॅकअपची डिस्क घालतो, यूएसबी जोडतो, ते मऊ बटण दाबतो, कॉपी झाली की पुन्हा दाबून बंद करतो. मधल्या काळात वीज कितीही वेळा आली तरी ती डिस्क आपणहून सुरू होत नाही.