कुत्र्याच्या पिसवांवर काय घ्यावं: मानेवरचे थेंब की गोळी?

फिप्रोनिल या पिसूनाशकाचे थेंब स्वस्त पडतात, पण वाया जातात ते लावण्याच्या चुकीमुळे. केस बाजूला सारून थेट कातडीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, जीभ पोहोचणार नाही तिथे सोडायचे. कुत्र्याचं वजन १० किलोपर्यंत असेल तर ०.६७ मिली, २० पर्यंत १.३४, ४० पर्यंत २.६८. आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. शाम्पूने त्वचेवरचं तेल जातं आणि औषध पसरत नाही. दर महिन्याला पुन्हा.

फ्लुरालॅनर या पिसूनाशकाची गोळी महाग, पण जेवणासोबत दिली की साधारण १२ आठवडे पुरते आणि आंघोळीचं बंधन नाही. पिसू चावल्यावरच मरते, हे लक्षात ठेवा. फिट येणाऱ्या कुत्र्याला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

पावसाळ्यात वरचेवर भिजणाऱ्या कुत्र्यासाठी आम्ही गोळीच निवडू.

काहीही निवडलं तरी पिसवा पुन्हा दिसतील. औषध फसलं असं नाही; फरशीच्या फटींत, गादीखाली पिसवांचे कोष असतात, त्यांना औषध लागत नाही. अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, कोपरे व्हॅक्यूमने साफ करा, तीन महिने तरी. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे दुसरं पिसूनाशक असलेले कुत्र्याचे थेंब आणूच नका, तिच्या जिवावर बेततं.