पद्मिनीची जाम पुली आणि आठ इंची पुलर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या पाडव्याला तीन पायांचा आठ इंची पुलर घेतला. पुलर म्हणजे शाफ्टवर घट्ट बसलेली पुली किंवा बेअरिंग ओढून काढायचं हत्यार: पाय मागून पकडतात, मधला स्क्रू शाफ्टच्या टोकाला रेटतो. साडेनऊशे रुपये पडले. आता आषाढ लागलाय. या आठ महिन्यांत त्याने माझं इंजिन वाचवलं, आणि एकदा माझ्या चुकीमुळे पुलीचा टवकाही उडवला. दोन्ही सांगतो, कारण विकत घेताना दुकानात यातलं कोणी काही सांगत नाही.

गाडी वडिलांची. प्रीमियर पद्मिनी, १९८८ चं मॉडेल, १०८९ सीसी. वडील गेल्यापासून अकरा वर्षं आमच्या लूमच्या शेडमध्ये, सुताच्या बाचक्यांमागे उभी होती. सोलापूरच्या माणसाला या गाडीचा जिव्हाळा जरा जास्तच असतो. जिने ही गाडी बनवली ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी केली वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. वडील हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यामुळे भंगारात द्यायचा विषयच नव्हता. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आटोपली आणि आम्ही चेन कप्पी लावून इंजिन खाली उतरवलं.

हेड निघालं, चेंबर म्हणजे खालची तेलाची टाकी निघाली, पुढचा मोठा बोल्टसुद्धा निघाला. क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, फिरू नये म्हणून क्रँक आणि ब्लॉकच्या मध्ये सागवानी ठोकळा अडकवला आणि टॉमीवर चार फुटी पाइप चढवून जोर दिला. अडलं ते क्रँकवरच्या पट्ट्याच्या पुलीपाशी. ती क्रँकच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, अशी बसली होती की जणू क्रँकसकट ओतलीय. कारण समोरच होतं. पाण्याचा पंप वरून गळत होता आणि ते पाणी कित्येक वर्षं थेंबाथेंबाने पुलीच्या बुंध्यावर, म्हणजे मधल्या जाड भागावर, पडत होतं. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा मागतं. पुली आणि क्रँकमध्ये केसाएवढीही फट नसते, मग तो गंज जाणार कुठे? पाचर मारल्यासारखा तिथेच घट्ट होतो.

शेडमध्ये एक जुना दोन पायांचा पुलर होता. त्याने सुरुवातीलाच एका बाजूला ओढ घेतली. दोन पायांवर पुली तिरकी होते आणि तिरकी झाली की अजून आवळते. म्हणून हा नवा, तीन पायांचा काढला. आणि इथेच मी चुकलो. पाय लावायला पुलीची बाहेरची कड सोपी, हात सहज पोचतो, म्हणून तिथे लावले. माझ्या गाडीवर मागे कधीतरी कोणीतरी बसवलेली ओतीव लोखंडाची पुली आहे. ओतीव लोखंड दाब सोसतं, पण वाकत नाही, सरळ तुटतं. स्क्रू दोन फेरे आवळला आणि पट्ट्याच्या खाचेची कड बोटाच्या पेराएवढी उडाली. त्या दिवशी मी दिवा मालवून घरी गेलो. वडिलांच्या गाडीचा एकही भाग माझ्या हातून तुटावा असं मला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. अण्णा म्हणजे आमचे जॉबर, लूमची दुरुस्ती बघणारे, लूमवर चाळीस वर्षं गेलेला माणूस. शाफ्टवरून गिअर आणि पुल्या काढण्यात त्यांचा हात धरणारा सोलापूरच्या पूर्व भागात मी तरी पाहिला नाही. त्यांनी पुलीकडे पाहिलं, उडालेल्या तुकड्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "मालक, जिथं पकडलंय तिथं पकडा. कडेला काय पकडलंय?"

पुली जाम असते ती बुंध्यापाशी, म्हणून ओढ तिथेच बसायला हवी. पायांची टोकं जाड होती, पुलीच्या मागे शिरेनात. अण्णांनी ग्राइंडरवर ती थोडी पातळ केली, घासताना दर वेळी पाण्यात बुडवून, म्हणजे पोलादाचं पाणी उतरणार नाही. मग तिन्ही पाय बुंध्यामागे बसले. पाय घसरू नयेत म्हणून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळली. ही ट्यूबची युक्ती प्रत्येकाने करावी. तेव्हापासून पाय एकदाही सटकला नाही.

दुसरी काळजी स्क्रूच्या टोकाची. क्रँकच्या नाकात मधोमध बोल्टाचं भोक आणि आटे आहेत. स्क्रूचं अणकुचीदार टोक तिथे घुसलं असतं तर तोंडाचे आटे गेले असते, आणि क्रँकचे आटे गेल्यावर रडायलाही जागा उरत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून पितळेचा गोल तुकडा फिरवून घेतला. टोपीसारखा, खालचा भाग भोकात सैल बसणारा, वरची कड नाकावर टेकणारी, आणि माथ्यावर टोकासाठी बारीक खळगा. दहा मिनिटांचं काम. स्क्रूचा सगळा दाब त्या कडेतून नाकाच्या चपट्या तोंडावर गेला आणि आटे शाबूत राहिले.

मग तीन दिवस चाललं. गंजावरचं तेल म्हणून गिअरचं पातळ लाल तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून बुंध्याच्या सांध्यात सोडलं, सकाळ-संध्याकाळ. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावून तो ताठ होईपर्यंत आवळला, वर हातोडीने एक हलकी टिचकी, आणि सोडून दिलं. हलकीच, कारण क्रँक ब्लॉकमध्ये असताना नाकावर घण घातला तर तो धक्का मागच्या थ्रस्ट बेअरिंगवर, म्हणजे क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर, जातो. सकाळी स्क्रू पाव फेरा पुढे जायचा, तेवढंच. पुली मात्र जागची हलत नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी गॅसवाला बोलावला. आधी सगळं तेल फडक्याने पुसून काढलं, कारण ॲसिटोन भसकन पेट घेतो. स्क्रू ताणून ठेवला आणि फक्त बुंधा तापवला, ज्योत सारखी फिरवत, भरभर. भरभर यासाठी की बुंधा तापावा आणि क्रँक थंड राहावा. हिशेब केला तर ३० मिलिमीटरचं भोक शंभर अंश तापलं की जेमतेम तीन शतांश मिलिमीटर मोठं होतं. लेथवाल्याच्या भाषेत दीड थाऊसुद्धा नाही, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पण जाम झालेल्या पुलीला तेवढं पुरतं. पुढचं ऑइल सील जळणार हे माहीत होतं, ते बदलायचंच होतं.

अण्णांनी पुलरवर जुनी सोलापुरी चादर चौपदरी करून टाकली, ज्योत बंद झाल्यावरच. ताणलेला पाय तुटला तर तुकडा गोळीसारखा येतो, त्यांनी लूमवर एकदा पाहिलंय. मी पाना धरला आणि पाव फेरा दिला. काही नाही. अजून थोडं. आणि खाडकन आवाज आला, असा की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मला वाटलं पाय गेला. चादर काढली तर पाय तिघेही जागेवर, आणि पुलीच्या बुंध्याशी नाकावर कागदाच्या जाडीची एक चकाकती रेघ. भोवती गुलालासारखा बारीक लाल गंज सांडलेला. पुढचे सात-आठ फेरे बोटांनी फिरवल्यासारखे गेले. पुली क्रँकवर फिरू न देणारी अर्धचंद्र चावी खाचेतच राहिली होती, तिची एक कड दबलेली, म्हणून नवी घातली. तुटलेली कड गॅसवर पितळेने भरून लेथवर फिरवून घेतली. पट्टा आता सरळ धावतो.

त्यानंतर पुलर जवळजवळ रोज हातात आहे. टायमिंगचं स्प्रॉकेट आणि पाण्याच्या पंपाची पुली, दोन्ही त्यानेच निघाल्या. लूमच्या मोटारींची ६२०४ आणि ६२०५ नंबरची बेअरिंगं तर किती काढली याची गणती नाही. पण एवढ्या छोट्या बेअरिंगांना आठ इंची पुलर मोठा पडतो, पाय नीट आत येत नाहीत. तिथे चार इंची वेगळा घ्यावा. आणि बेअरिंग परत वापरायचं असेल तर आतल्या रिंगला पकडा. बाहेरच्या रिंगवर ओढलं की गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडतात, मग ते चालू केल्यावर गुरगुरतं.

आता तक्रारी. वरचा चकचकीत मुलामा दोन महिन्यांत सोलायला लागला, ते मला चालतं. चालत नाही ते स्क्रूचं टोक. चार महिन्यांत ते छत्रीसारखं पसरलं. म्हणजे पोलाद तिथे पुरेसं कडक केलेलं नाही, आणि पुलरमध्ये सगळ्यात जास्त सोसणारी जागा तीच. लेथवाल्याने ईएन-२४ या कणखर पोलादाचा नवा स्क्रू करून दिला, साडेतीनशे रुपये. पायांचे बोल्टही सैल होत राहतात, दर कामाआधी आवळावे लागतात. पाय मात्र घडीव आहेत, ओतीव नाहीत, आणि एवढा ताण देऊनही वाकलेले नाहीत. दुकानात बघताना पायाच्या बाजूवर ओतकामाची खडबडीत रवाळ कातडी दिसली तर तो पुलर तिथेच ठेवा. आणि त्याला इम्पॅक्ट गन, म्हणजे धक्के देत बोल्ट फिरवणारं यंत्र, लावू नका. आटे कोरडे असताना तर मुळीच नाही, अर्ध्या मिनिटात स्क्रू खाऊन टाकते. हाताच्या पान्याने पुली किती देतेय ते कळतं, गनने कळत नाही.

हायड्रॉलिक पुलर घ्यावा का, असं दोघांनी विचारलं. रोज ट्रकचं काम असेल तर जरूर घ्या. घरच्या एका इंजिनासाठी हाच पुरे, पण चार इंचीसुद्धा जोडीला असू द्या.

पुली परत बसवताना क्रँकच्या नाकावर तांब्याच्या ग्रीसचा पातळ हात दिला आणि पाण्याच्या पंपाचं सील बदललं. वैशाखात गाडी चालू झाली. पहिली फेरी तुळजापूरची, घाटात गरम न होता चढली. आई पुढच्या सीटवर होती, वडिलांची जागा रिकामी ठेवायला नको म्हणून. पितळेची टोपी पुलरच्या डबीत सुतळीने बांधून ठेवलीय आणि डबीवर खडूने लिहिलंय, पद्मिनी क्रँक.