डीलर ‘गाडीचे पैसे परत देतो’ म्हणाला, तर आधी हे वाचा

‘नाही देत, काय करायचं ते करा’ असं तोंडावर सांगणारा डीलर एक वेळ परवडला. माझ्या वाट्याला गोड बोलणारा आला. ‘सर, तुमचा एक रुपया बुडणार नाही’ हे त्याने इतक्यांदा ऐकवलं की आता कुणी ‘सर’ म्हणून सुरुवात केली तरी डोकं फिरतं.

हिशेब आधीच सांगतो, म्हणजे कुणी विचारायला नको. २०१८ची पेट्रोल सेडान, ४,६५,००० रुपये. त्यात ११,००० टोकन, १,५४,००० माझ्या खात्यातून आणि ३,००,००० कर्ज. वर आरसी ट्रान्सफरचे ८,५०० आणि टेफ्लॉन कोटिंग म्हणून ६,२००. खरेदी २०२५च्या पाडव्याची. कर्जाचा हप्ता ८,१९८. तो आजही जातोय आणि गाडी माझ्याकडे नाही.

पासिंग एमएच ०८ होतं, म्हणजे रत्नागिरीचं. ‘डॉक्टरांची गाडी आहे सर, घर ते दवाखाना, बाकी कुठे नाही.’ हे डॉक्टर प्रत्येक डीलरकडे असतात, ठाऊक आहे. पण मी काही डोळे झाकून घेतली नव्हती. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला, टेस्ट ड्राइव्ह घेतली, सरकारच्या एमपरिवहन ॲपवर पहिलाच मालक आणि कर्ज नाही हे पाहिलं. मेकॅनिकने इंजिन, क्लच, सस्पेन्शन बघितलं. दुकानात उभ्या असलेल्या गाडीचं कार्पेट उचकटून कोण बघतं? आणि बघू दिलं असतं का त्याने?

पहिल्या पावसात पॉवर विंडो अडकायला लागली, एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना, मग सिग्नलला गाडी बंद. अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. सर्व्हिस ॲडव्हायझरने बॉनेटला हातही लावला नाही. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिला, पार शेवटपर्यंत. एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती, फूटपट्टी ठेवून मारल्यासारखी सरळ. गढूळ पाणी तिथवर चढल्याची खूण. मग सीटच्या रुळांचे नट दाखवले, गंजून फुगलेले. कार्पेटखाली बोटाला लागणारा बारीक सुका गाळ आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट बुरा. एस्टिमेट १,३८,६०० रुपये, आणि तेवढे ओतूनही वायरिंगची खात्री नाही.

चेसिस नंबरवरून सर्व्हिस रेकॉर्ड काढलं. २०२१च्या जुलैनंतर एकही नोंद नाही. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. ही गाडी त्याच पाण्यात होती असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण पाण्यात बुडाली होती एवढं वर्कशॉपच्या लेखी अहवालात आहे. हे रेकॉर्ड टोकन देण्याआधी काढा. डीलर ‘नंतर देतो’ म्हणाला तर निघून या.

मी अहवाल घेऊन गेलो तेव्हा त्याने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचं ‘जसं आहे जिथे आहे’ कलम काढलं, म्हणजे नंतर दोष निघाला तर जबाबदारी त्याची नाही. मी म्हटलं, ग्राहक आयोगात भेटू. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. ‘सर, भांडण कशाला, गाडी आणून लावा, पैसे परत देतो.’ खरी फसवणूक इथून पुढची आहे, आणि गाडीपेक्षा मला तीच जास्त झोंबते.

त्याने ४,४०,००० चा चेक दिला. २५,००० ‘वापराचे’ कापले. मी मान्य केलं, कारण प्रकरण संपवायचं होतं. माझ्यासमोर चेक लिहिला, तारीख घातली १४ जुलै २०२५, सही केली, आणि चेक माझ्या हातात असताना म्हणाला, ‘फक्त मी सांगेपर्यंत बँकेत टाकू नका. दिवाळीत गाड्या खपतात, ही विकली की लगेच टाका.’

त्या वाक्याला माझे कान उभे राहायला हवे होते. ज्याला दिवाळीत पैसे द्यायचे आहेत तो जुलैची तारीख का घालेल? ऑक्टोबरची घातली असती. चेकवरच्या तारखेपासून तीनच महिने तो चालतो, २०१२पासून हा नियम आहे. म्हणजे १४ ऑक्टोबरला माझा चेक रद्दी आणि दिवाळी त्यानंतर. त्याने कॅलेंडर बघून हे केलं होतं. मुदतीत टाकून चेक न वटता परत आला असता, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवस वाट बघायची आणि मग निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली फौजदारी केस. त्याला तेच टाळायचं होतं. मी दिवाळीनंतर चेक टाकला आणि तो ‘मुदतबाह्य’ शेरा घेऊन परत आला. डीलरचं उत्तर: ‘अरेरे सर, वेळेत टाकायचा ना!’

चेक हातात आला की त्याच दिवशी बँकेत टाका. समोरचा नाराज झाला तर होऊ दे.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली, पण ती कळण्यासारखी नव्हती असं मी म्हणेन, कारण माझी ही पहिलीच कर्जाची गाडी. आरसीवर बँकेचा बोजा होता. बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ असल्याशिवाय ती गाडी कुणाच्याच नावावर होऊ शकत नाही. म्हणजे ‘ही विकली की पैसे’ हे मुळातच अशक्य होतं. कर्ज कसं मिटवायचं हे एका शब्दानेही त्याने विचारलं नाही.

मग गाडीचं तो काय करत होता? ते मला सप्टेंबरमध्ये कळलं. माझ्या मोबाइलवर ई-चलन आलं, वेगमर्यादा मोडल्याचे २,००० रुपये, फोटोसकट. आरसीवर नाव माझं, गाडी चालवणारा कोण देव जाणे. उद्या अपघात झाला असता तर पोलीस माझ्या दारात आले असते. गाडी परत करताना मी लेखी पोच मागितली होती, तेव्हा ‘सर, चेक दिलाय ना, अजून पोच कशाला’ म्हणाला. किलोमीटरचं रीडिंग, तारीख, वेळ, चावी किती दिल्या, हे सही-शिक्क्याशिवाय गाडी सोडू नका. व्हॉट्सॲपवर फोटो टाकला होता म्हणून माझ्याकडे निदान काहीतरी आहे.

आता आपल्या यंत्रणेचं. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, पाच वर्षांसाठी मिळतं. गाडी डीलरच्या ताब्यात गेली की फॉर्म २९सी भरून तसं कळवायचं, आणि मग तिची जबाबदारी त्याची. कागदावर छान आहे. मी आरटीओत विचारलं, या माणसाकडे अधिकारपत्र आहे का? खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, तोंडी सांगता येत नाही, माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये भरून अर्ज केला. उत्तर आलं, ‘सदर नावाने अधिकारपत्र निर्गमित केल्याचे आढळून येत नाही.’ मग पुढे काय? ‘तक्रार द्या.’ तक्रार दिली. ती ‘संबंधित विभागाकडे’ पाठवली. संबंधित विभाग कुठला, हे त्याच इमारतीत कुणाला सांगता येईना. बिनपरवाना दुकान भर रस्त्यावर, वर लायटिंगचा बोर्ड, आणि खात्याला ते आढळून येत नाही!

पोलीस चौकीत तर कमाल. ‘हा दिवाणी मामला आहे.’ मी म्हटलं, साहेब, दोष लपवून विकली, गाडी परत घेतली, पैसे दिले नाहीत, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ वेगळं काय सांगतं? तर म्हणाले, दुकान आमच्या हद्दीत येत नाही. ज्या हद्दीत येतं तिथे गेलो, तर ते म्हणाले व्यवहार तुमच्या घरून ऑनलाइन झाला, तिकडे जा. गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र असेल तर कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवून घ्यायची, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १७३व्या कलमात लिहिलंय. हे मी त्यांना सांगितल्यावर वातावरण बिघडलं. ‘मग तुम्हीच चालवा ठाणं.’ अखेर अर्ज घेतला, पोच दिली, गुन्हा नाही. तुम्ही असल्या वादात पडू नका, लेखी नकाराची वाट बघू नका, सगळं स्पीड पोस्टाने थेट वरिष्ठांकडे पाठवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर फोन जरूर करा, तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि पुढे पुरावा म्हणून कामी येतो. पण ते कंपनीला कळवून समझोता घडवायचा प्रयत्न करतात, आदेश देत नाहीत. ज्या डीलरला फोन उचलायचाच नाही त्याच्यापुढे ते काय करणार?

शेवटी नोव्हेंबरमध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे ‘आज देतो उद्या देतो’ ऐकत बसू नका, ती दोन वर्षंही अशीच जातात. कायद्यात नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा असं आहे. वाचून बरं वाटतं.

आयोगाची नोटीस पहिल्यांदा ‘लेफ्ट’, म्हणजे पत्ता सोडून गेले, अशा शेऱ्यासह परत आली. दुकान जागेवरच आहे, बोर्ड बदललाय, खुर्चीत मेहुणा बसतो. वकिलांनी मला पहिलाच प्रश्न विचारला होता, फर्मचा मालक कोण? मी पावतीवरचं दुकानाचं नाव सांगितलं. त्यावर जीएसटी नंबर नव्हता. माझे १,५४,००० मात्र त्याच्या वैयक्तिक खात्यावर गेले होते, आणि बँक स्टेटमेंटवर त्याचं पूर्ण नाव होतं. त्याच नावाने, घरच्या पत्त्यावर नोटीस परत काढली. ती बजावली गेली आहे. पुढची तारीख पडलीय.