चार गोळ्या उपाशीपोटी की एक गोळी नाश्त्याबरोबर?

प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी अ‍ॅबिराटेरॉन लिहून देताना काही डॉक्टर आता दोन वाटा समोर ठेवतात. एक म्हणजे २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, रोज उपाशीपोटी. दुसरी म्हणजे त्यातलीच एक गोळी, पण कमी तेलातुपाच्या नाश्त्याबरोबर. पहिल्या वाटेने मी पाच महिने चाललो. दुसरीवर आता दीड वर्ष होत आलं. हे औषध काय करतं, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सोबत का असते, लिव्हरची तपासणी किती वेळा, हे ज्यांच्या हातात ही चिठ्ठी पडली आहे त्यांना मी सांगायला नको. पण खाणं आणि गोळी यांचं नातं मला कोणी नीट उलगडून सांगितलं नव्हतं. ते कळायला मला एक सत्यनारायण लागला.

अ‍ॅबिराटेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याला स्निग्धता लागते. तेलतूप पोटात गेलं की पित्त सुटतं, आणि त्यात हे औषध विरघळून रक्तात जातं. उपाशीपोटी घेतलं तर निम्म्याहून जास्त औषध जसंच्या तसं शौचावाटे बाहेर पडतं. म्हणजे चार गोळ्यांतल्या बऱ्याचशा आपण नुसत्या वाहून नेतो. मूळ कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे असे: ३०० कॅलरीच्या, जेमतेम ७ टक्के फॅटच्या जेवणाबरोबर तीच मात्रा घेतली तर रक्तात एकूण पाचपट औषध जातं. ८२५ कॅलरीच्या, ५७ टक्के फॅटच्या जेवणाबरोबर दहापट, आणि त्यातलं सर्वांत उंच टोक सतरापट. म्हणूनच उपाशीपोटीचा नियम. खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यानंतर दोन तास.

तर चार गोळ्यांची गोष्ट. मी पहाटे पाचला उठणारा माणूस, आणि उठल्यावर पहिला चहा ही आमच्या घरातली चाळीस वर्षांची रीत. गोळ्या सुरू झाल्या आणि चहा सहावर गेला. तुम्ही म्हणाल, एक तासाचं काय एवढं? मलाही तसंच वाटलं होतं. पण तो तास रिकामा नसतो. त्यात ही दोनदा विचारते, "घेतल्या का?" दूधवाला येतो, शेजारचे अण्णा फिरायला हाक मारतात आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर कटिंग पुढे करतात. बिनदुधाचा चहा घ्या असंही एकाने सुचवलं. त्याला काय उत्तर द्यायचं?

रात्री घेऊन पाहिल्या. जेवण आठला, गोळ्या दहाला. पण मी साडेनऊलाच पेंगायला लागतो. आठवड्यात दोनदा तरी ही मला हलवून उठवायची आणि मी झोपेत चार गोळ्या गिळायचो. तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी उठून पाकिटातल्या गोळ्या मोजत बसलो, काल घेतल्या की नाही म्हणून.

एवढ्यावर मी वाट बदलली नसती. माणसाला सवय होते. बदलली ती भाच्याच्या घरच्या पूजेमुळे. त्या दिवशी सगळंच उशिरा झालं. पूजा अकराला संपेल या हिशोबाने मी साडेनऊला गोळ्या घेतल्या. गुरुजींना पुढे आणखी एक घर होतं. त्यांनी पाचही अध्याय पाऊण तासात उरकले, आणि सव्वादहाला प्रसादाचा द्रोण माझ्या हातात. सव्वाच्या मापाचा शिरा, रव्याला बरोबरीचं तूप, बोटांवरून ओघळत होतं. प्रसाद न घेता धावलेल्या कलावतीच्या नवऱ्याची नाव बुडाली, हे मी पाच मिनिटांपूर्वीच ऐकलं होतं. खाल्ला. वर आणखी एक घास मागून घेतला.

चूळ भरताना लक्षात आलं, आणि हातपायच गळाले. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "काका, घाबरू नका. उद्याच्या गोळ्या नेहमीसारख्याच घ्या, चुकवू नका. औषध जास्त झालं तर बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, सूज येते. तीन दिवस सकाळसंध्याकाळ बीपी बघा, आणि उद्या रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या." पोटॅशियम ठीक आलं. बीपी दोन दिवस वर होतं, पण ते औषधाने की भीतीने, हे मला आजही सांगता येणार नाही. पायाला सूज आल्यासारखीही वाटत होती. मी दर तासाला मोजा खाली करून वळ बघत होतो, त्यामुळे त्या निरीक्षणाला फार किंमत देऊ नका.

पुढच्या भेटीत मी एका गोळीचा विषय काढला. त्यांनी २०१८ सालचा अभ्यास सांगितला. शिकागोच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला, ७२ रुग्णांचा. निम्म्यांना चार गोळ्या उपाशीपोटी, निम्म्यांना एक गोळी कमी फॅटच्या नाश्त्याबरोबर. बारा आठवड्यांनी पीएसए, म्हणजे या आजाराची रक्तातली खूण, पाहिला तर एक गोळीवाले मागे पडले नव्हते, आणि आजार बळावेपर्यंतचा काळही दोन्हीकडे सुमारे ९ महिने. अमेरिकेतल्या एनसीसीएन या कर्करोग रुग्णालयांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही या मार्गाला जागा आहे. पण त्यांनी दुसरी बाजूही लपवली नाही. ७२ माणसं म्हणजे थोडी, आणि पाहिला तो पीएसए; आयुष्य किती वाढलं हे ठरवायला तो अभ्यास पुरेसा नाही. रक्तातलं औषधही एक गोळीवाल्यांत कमीच भरलं होतं. ज्यांना हे वाचून चार गोळ्याच बऱ्या वाटतात, त्यांना मी चूक म्हणणार नाही.

खर्चाचं उघड आहे. चार गोळ्यांना महिन्याला १२० गोळ्या, एकीला ३०. आमच्याकडे पेन्शनवर घर चालतं, त्यामुळे हा फरक लहान नव्हता. पण खरं सांगायचं तर माझा निर्णय पैशाने झाला नाही. घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर मी एक गणित मांडलं, त्याने झाला. चार गोळ्या उपाशीपोटी म्हणजे एक रुपया धरा. त्याच चार चुकून तुपाच्या शिऱ्यावर गेल्या तर दहा रुपये. आता एक गोळी: हलक्या नाश्त्याबरोबर सव्वा रुपया, चुकून तुपातेलावर गेली तर अडीच, आणि नाश्ताच राहिला तर चार आणे. हे आकडे धडधाकट माणसांना एकदाच गोळी देऊन काढलेले, रोज घेणाऱ्या आजारी माणसात इतके काटेकोर उतरत नाहीत. तरी चूक कुठे महागात पडते ते दिसतं. मी चुकणारा माणूस आहे, आणि आमच्या घरात चूक नेहमी तुपाच्या बाजूनेच होते.

हेच गणित उलटंही वाचा. ज्यांची भूक मेली आहे, सकाळी अन्न बघवत नाही, उलट्या होतात, जे एकटे राहतात आणि नाश्ता टपरीवर करतात, त्यांना एक गोळी सोयीची नाही. त्यांच्या बाबतीत चार आण्याचे दिवस फार येतील, आणि औषध कमी पडतंय हे पुढच्या पीएसएपर्यंत कळणारही नाही. त्यांनी चारच घ्याव्यात.

आता या वाटेवरची कटकट. ३०० कॅलरीत ७ टक्के फॅट म्हणजे दोन-सव्वादोन ग्रॅम. घरच्या भाषेत अर्धा चमचा तेल, आणि तेही धान्यातलं मूळचं धरून. पहिल्याच दिवशी पोहे बाद झाले. पोहे बिचारे निर्दोष. फोडणी, शेंगदाणे आणि वरचं खोबरं दोषी. म्हशीच्या दुधाचा एक कप चहा घेतला तरी माप तिथेच संपतं. आमच्याकडे आता सकाळपुरतं सायविरहित दूध येतं आणि चहा पातळ लागतो. त्याची तक्रार मी रोज करतो. पण तो चहा पाचला मिळतो.

बाकी ज्वारीच्या लाह्या त्याच दुधात, किंवा दोन इडल्या साध्या वरणाबरोबर, चटणी नाही. कधी साय काढलेल्या ताकातली नाचणीची आंबील. तीन प्रकार आलटून पालटून, मापही तेच. रोज सारखं खाणं हाच यातला खरा नियम आहे, कारण आज लाह्या आणि उद्या मिसळ केली तर औषधही आज एक आणि उद्या भलतंच. गोळी आणि प्रेडनिसोलोन एकाच वेळी, साडेसातला, त्याच घासाबरोबर. दुपारनंतर काय खायचं यावर बंधन नाही. यंदा भाच्याकडे पूजेला गेलो तेव्हा गोळी घेऊन साडेचार तास झाले होते.

माझा पीएसए बदलानंतर वर गेला नाही. पायाची सूज आधीपेक्षा कमी वाटते. ही म्हणते वाटते म्हणजे काय, चप्पल आता सैल होते. एका माणसावरून दुसऱ्याने काही ठरवू नये हे खरं. आणि ही वाट कोणी मनाने धरू नये हेही तितकंच खरं, कारण माझ्या डॉक्टरांनी पहिले तीन महिने दर महिन्याला पीएसए, बीपीची वही आणि नाश्त्याची लेखी यादी या अटींवरच होकार दिला होता. पण कोणी माझ्या ओसरीवर बसून विचारलं, तर मी आधी त्याला विचारीन, सकाळी घरी खातोस का? हो म्हणाला तर डॉक्टरांकडे एका गोळीचा विषय काढ म्हणेन.

दोन बारक्या गोष्टी. घरात गरोदर बाई असेल तर या गोळ्या तिच्या हाती देऊ नका. माझ्या सुनेच्या वेळी डबा माझा मीच भरायचो. आणि ही गोळी ५०० मिलिग्रॅमचीही मिळते. एकदा केमिस्टने तेच पाकीट दिलं होतं, आणि मी दुकानाच्या पायरीवर चष्मा लावून वाचलं म्हणून निभावलं. तेव्हापासून डब्याच्या झाकणावर ठळक मार्करने २५० लिहिलं आहे, आणि नवं पाकीट आधी ही वाचते, मग मी.