अँकोव्हीचं नूडल सूप: कोरियन, जपानी की मलेशियन?

वाळवलेल्या अँकोव्हीच्या (हा एक छोटा समुद्री मासा) पाण्यातलं नूडल सूप घरी पहिल्यांदाच करणार असाल, तर सुरुवात कोरियन पद्धतीनं करा. अर्ध्या तासात होतं, आणि प्रमाण थोडं चुकलं तरी बिघडत नाही.

कोरियात सुपासाठी बोटाएवढी मोठी म्योल्ची, म्हणजे वाळवलेली अँकोव्ही, घेतात. बारीक म्योल्ची परतून खायची, तिचं सूप करत नाहीत. डोकं आणि पोटातला काळा भाग काढायचा, कारण कडवटपणा तिथूनच येतो. मग मासे कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत भाजायचे. दीड लिटर पाण्याला पंधरा-वीस मासे आणि तळहाताएवढा दासिमा, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, पुरतो. झाकण न ठेवता पंधरा मिनिटं उकळा. दासिमा मात्र आधीच काढा, फार उकळला तर पाणी बुळबुळीत होतं. तो वगळू नका. त्यातलं ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य १९०८ मध्ये जपानमधले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी वेगळं काढलं. सुक्या माशातल्या इनोसिनेट या दुसऱ्या चवदार द्रव्याशी ते जुळलं की दोन्हींच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त चव लागते.

या पाण्यातलं जांची गुक्सू हे लग्नकार्यातलं जेवण. सोम्योन नावाच्या बारीक गव्हाच्या नूडल्स वेगळ्या शिजवून थंड पाण्यात चोळून धुतात, म्हणून सूप निवळ राहतं. वर अंड्याच्या पट्ट्या, झुकिनी, किमची. काल्गुक्सूत उलट: सुरीनं कापलेल्या जाड नूडल्स सुपातच शिजतात आणि पिठामुळे ते दाटसर होतं. थंडीत मला काल्गुक्सूच हवं असतं, पण पहिला प्रयोग जांची गुक्सूचाच करा.

जपानी इरिको, म्हणजेच निबोशी, हाही असाच उकडून वाळवलेला मासा. कागावा प्रांतातल्या सानुकी उदोनचं, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सचं, सूप त्यावरच उभं असतं. इबुकी बेटावरचा इरिको विशेष नावाजलेला. इथे घाई चालत नाही. लिटरभर पाण्यात वीस-तीस ग्रॅम मासे रात्रभर भिजवायचे, सकाळी मंद आचेवर तापवायचे आणि फेस काढत राहायचं. खळखळा उकळलं की वशाट वास येतो. चव कोरियनपेक्षा नाजूक, आणि जाड, लवचीक उदोनला ती छान शोभते. चांगले उदोन मिळत नसतील, तर एवढी मेहनत करू नये.

मलेशियाचं ‘पान मी’ नावाचं नूडल सूप हे पोटभरीचं जेवण आहे. इकान बिलिसचं, म्हणजे तिथल्या वाळवलेल्या अँकोव्हीचं पाणी, हातानं तोडलेल्या कणकेच्या नूडल्स, पालेभाजी, मशरूम आणि वर कुरकुरीत तळलेले तेच मासे. बहुतेक ठिकाणी त्यात डुकराचा खिमा असतो, न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. नुसतं सूप चाखायचं असेल, तर इथून सुरुवात करू नका, बाकीच्या चवी त्याला झाकून टाकतात.

आपली मांदेली अँकोव्हीच्याच कुळातली, मग सुकी मांदेली चालेल का? मी वापरणार नाही. तिकडे मासा मिठाच्या पाण्यात उकडून मग वाळवतात. आपल्याकडे मांदेली न उकडता थेट उन्हात घालतात, त्यामुळे तिचा वास उग्र असतो. कालवणात तो हवाहवासा वाटतो, निवळ सुपात नाही. मासे न खाणाऱ्यांनी दासिमा आणि सुके शिताके मशरूम एकत्र भिजवावेत. चव वेगळी येते, पण भरीव असते.

विकत घेताना चंदेरी, निळसर झाक असलेले कोरडे मासे बघा. पिवळट-तांबूस पडलेले घेऊ नका, त्यांच्यातलं तेल खवट झालेलं असतं आणि तो खवटपणा सुपात उतरतो. पाकीट फोडलं की उरलेले मासे फ्रीझरमध्येच ठेवा.